इकडून बोलतोय

गल्लीत त्याला सगळे ‘तिकडचे’ म्हणत. मागे म्हणत आणि तोंडावरही म्हणत, त्यामुळे त्यात लपवण्यासारखं काही राहिलं नव्हतं. कोणाचा नळ ठिबकू लागला की घरातून आवाज यायचा, “अरे, तिकडच्यांना हाक मारा जरा.” आणि तोही हाकेला ओ देऊन पान्ह्यांची पिशवी उचलायचा.

हे नाव पडायला फार दिवस लागले नाहीत. वीसएक वर्षं परदेशात प्लंबरचं काम करून तो परत आला, आणि पहिल्या आठवड्यातच लोकांच्या लक्षात आलं की याचं निम्मं बोलणं ‘तिकडे’ या शब्दाने सुरू होतं. तिकडे कोणी उगाच हॉर्न वाजवत नाही. तिकडे बस येणार म्हणजे येणार. तिकडे नळाला चिंध्या बांधत नाहीत, वॉशर बदलतात. ही शेवटची गोष्ट तो नेमकी ज्याच्या नळाला चिंधी बांधलेली असायची त्याच्यासमोर सांगायचा. समोरचा म्हणायचा, “चालतंय की, तिकडचे. पाच वर्षं चालतंय.” मग तो निमूटपणे चिंधी सोडायचा, वॉशर बदलायचा आणि ती चिंधी घडी करून घरमालकाच्या हातात द्यायचा. दोन दिवसांनी तीच चिंधी शेजारच्या नळाला दिसायची.

त्याच्या बायकोला हे नाव आवडलं नव्हतं असं नाही. तिची आजी आजोबांचं नाव कधी घेत नसे. ‘इकडून सांगणं झालंय’, ‘इकडून येणं होईल’ अशी तिची भाषा. बायको शेजारणींना म्हणायची, “आजीच्या वाट्याला ‘इकडून’ आले होते. माझ्या वाट्याला ‘तिकडचे’.” शेजारणी हसायच्या. तीही हसायची, पण सगळ्यांच्या आधी तिचं हसणं संपायचं.

घर त्यांचं स्वतःचं. खाली रस्त्याला लागून एका शिंप्याचं दुकान, वर दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, त्यावर गच्ची. गच्चीवर पाण्याची टाकी. मुलगी लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेली. बायको डोळ्यांच्या दवाखान्यात चष्म्यांच्या काउंटरवर बसायची; सकाळी डबा घेऊन गेली की दिवेलागणीला परत. दिवसभर घरात तो एकटा, किंवा कोणाच्या तरी मोरीत वाकलेला.

घर बांधलं गेलं तेव्हा तो तिकडे होता. भिंती चढल्या, स्लॅब पडला, रंग लागला, सगळं बायकोने उभं राहून करून घेतलं. परत आल्यावर पहिले काही दिवस तो स्वतःच्याच घरात पाहुण्यासारखा विचारायचा, दिव्याचं बटण कुठलं, चमचे कुठे. स्वयंपाकघरातल्या कपाटाचं दार उलट्या बाजूने उघडतं हे त्याच्या अंगवळणी पडेपर्यंत त्याच्या बोटांनी बरंच सोसलं.

तिकडे त्याचं घर म्हणजे एक खोली होती. मोठ्या जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर, रस्त्याकडे तोंड असलेली. खिडकीला दोन काचा, त्यांच्या मधे हवा. खिडकीखाली लोखंडाचा रेडिएटर, आतून गरम पाणी फिरायचं. बाहेर बर्फ गुडघाभर साचलेलं असे, आणि हा आत बनियनवर बसून डबा खायचा. नळ फिरवला की पाणी, तेही गरम. दिवसा, रात्री, केव्हाही. जिन्यावर कचरा नाही, आवाज नाही. कोणी कोणाचं दार वाजवत नसे. भिंतीपलीकडे कोणीतरी चहात चमचा फिरवतंय ते ऐकू यायचं, पण तो चमचा फिरवणारा माणूस वर्षानुवर्षं दिसला नाही.

त्या इमारतीचा आणि आसपासच्या आणखी काही इमारतींचा बॉयलर त्याच्या ताब्यात होता. तळघरातली ती खोली त्याने करड्या रंगाने रंगवून घेतली होती. पान्हे भिंतीवर उंचीप्रमाणे टांगलेले. तबकडीवरचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे की नाही हे पुढेपुढे त्याला बघावंच लागत नसे, आवाजावरून कळायचं. चौथ्या मजल्यावर एक एकटी म्हातारी राहायची. तिचा रेडिएटर दर थोड्या दिवसांनी ‘बिघडायचा’. तो वर जायचा, पान्ह्याने उगाच एक फिरकी द्यायचा, हवा सोडल्यासारखं करायचा, मग ती कप पुढे करायची आणि दोघं खिडकीपाशी बसायचे. तिला त्याचं बोलणं अर्धवट कळायचं, त्याला तिचं पाऊण. जाताना ती म्हणायची, आता बरं वाटतंय. रेडिएटरबद्दल म्हणतेय असंच दोघं धरून चालायचे.

सुरुवातीच्या काळात तिकडे एक गोष्ट त्याच्याकडून सुटत नव्हती. रोज सकाळी उठल्याबरोबर तो न्हाणीघरात एक लाल बादली भरून ठेवायचा. त्याचा खोलीतला जोडीदार त्याच्याच देशाचा, एक उंच हडकुळा माणूस, ज्याला सगळे लांब्या म्हणत. त्या लांब्याने पहिल्यांदा ती बादली पाहिली तेव्हा विचारलं, “पोहायचा बेत आहे का?” यावर तो म्हणाला, पाणी गेलं तर? लांब्या म्हणाला, इथे पाणी जात नाही, माणसं जातात. पण हाताला लागलेली सवय. बादली भरत राहिली.

ही बादली फोनवर बायकोला कळली आणि दोघांच्या बोलण्याची ती जणू खूणच झाली. तेव्हा फोन महाग, आठवड्यातून एकदा व्हायचा. पुढे स्वस्त झाला तसा रोज. त्याची जेवणाची सुट्टी आणि तिची संध्याकाळ एका वेळेला पडायची. तो बॉयलरच्या खोलीत एक पाय थोडा कापलेल्या खुर्चीवर बसून बोलायचा आणि ती इथे ओट्याला टेकून ऐकायची. सगळं सांगायचा. आज खिडकीच्या काचेवर बर्फाने काय नक्षी काढलीय, म्हातारीने कुठला कप दिला, लांब्याने मोजे कुठे वाळत घातले. तीही सांगायची, पण तिच्या बोलण्यात सिमेंट, मुलीचा दुखलेला कान आणि नळाची वेळ. फोन ठेवताना ती न चुकता विचारायची, “बादली भरली का?” तो म्हणायचा, “भरली.” म्हणजे सगळं ठीक आहे. काही वर्षांनी त्याने ती बादली पाण्याने भरणं सोडलं, तिच्यात पान्हे टाकू लागला. तरी उत्तर तेच राहिलं, आणि ते खोटंही नव्हतं. बादली भरलेलीच असायची.

परत आल्यावर हा प्रश्न विचारायचं कारणच उरलं नाही. बादली तिच्या डोळ्यांसमोर होती.

येऊन वर्ष होत आलं होतं. तिकडे होता तेव्हा त्याला इकडची प्रत्येक गोष्ट आठवायची. गल्लीतली भांडणंसुद्धा गोड वाटायची. आता इकडे होता आणि डोळे मिटले की तळघर दिसायचं. सकाळी गल्ली जागी व्हायची, पत्र्याची शटर वर जायची, कोणी न विचारता घरात येऊन वर्तमानपत्र उचलायचं, आणि त्याचा जीव बर्फ पडतानाच्या त्या शांततेसाठी तळमळायचा. हे कोणाला सांगावं तर लोक म्हणणार, मग आलात कशाला? म्हणून तो ते सांगत नसे. त्याऐवजी तिकडच्या गमती सांगायचा. संध्याकाळी शिंप्याच्या दुकानाबाहेरच्या बाकावर त्याची बैठक जमायची आणि तो बर्फ, बस, रेडिएटर, म्हातारी असं सगळं रंगवायचा.

बायको कामावरून येताना तिथून जायची. एकदा तो सांगत होता की ती म्हातारी तिसऱ्या मजल्यावर राहायची. बायको जिन्याच्या पहिल्या पायरीवर थांबली आणि म्हणाली, “चौथ्या. तिसऱ्यावर तुम्ही होतात.” आणि वर निघून गेली. शिंप्याने तोंडातल्या टाचण्या काढल्या आणि विचारलं, “वहिनी कधी गेल्या होत्या तिकडे?”

“ती नाही गेली कधी,” तो म्हणाला.

“मग चौथा मजला त्यांना ठाऊक आणि तुम्हाला नाही?”

सगळे हसले, तोही हसला. त्यात हसण्यापलीकडे काही असेल असं त्याच्या मनातही आलं नाही.

अशात एका सकाळी लांब्याचा फोन आला. लांब्या आता तिकडे मुकादम झाला होता. हिवाळा तोंडावर आला आहे, नवा माणूस सोडून गेला, बॉयलर कोणाला दाद देत नाही, असं त्याने सांगितलं. साहेबांशी बोलणं झालं आहे; आणखी काही वर्षं, तीच खोली, तेच तळघर. फक्त हो किंवा नाही ते रविवारपर्यंत कळव, दुसरा माणूस बघायला मला वेळ पाहिजे.

फोन ठेवल्यावरही तो कान टवकारून तसाच उभा होता. पुन्हा एकदा नोकरीसाठी बोलावलं म्हणून नव्हे. फोनमध्ये लांब्याच्या आवाजामागे एक घरघर ऐकू येत होती, आणि त्या घरघरीत मधेच एक बारीकसा ठोका होता. पंपाचं बेअरिंग. ते बदलायला हवं हे त्याला इथे ओट्यापाशी उभ्या उभ्या कळलं.

बायकोला सांगायचं, असं ठरवून तो संध्याकाळची वाट बघत बसला. ती आली, हातपाय धुतले, चहा ठेवला. तो म्हणाला, आज पाण्याला जोर नव्हता. ती म्हणाली, हो का. दुसऱ्या दिवशी त्याने सांगितलं की समोरच्यांची मोरी तुंबली होती. तिसऱ्या दिवशी त्याने पेटीतून आपला तिकडचा जाड कोट काढला आणि गच्चीवर दोरीवर टाकला. कसर लागते, असं तिला म्हणाला. ती कोटाकडे बघत म्हणाली, “अस्तर विरलंय.” आणि मुलीकडच्या एका कोणत्यातरी गोष्टीवर बोलू लागली. वीस वर्षं हजारो मैलांवरून तो जिला मोज्यांपासून सगळं सांगायचा, तिला आता टेबलापलीकडून एक वाक्य सांगता येईना. जावं की राहावं हे ठरत नव्हतं, ही झाली एक गोष्ट. पण खरी भीती वेगळी होती. ती ‘जा’ म्हणाली तर काय आणि ‘नका जाऊ’ म्हणाली तर काय, दोन्ही उत्तरं त्याला झेपणारी नव्हती.

शुक्रवारी सकाळी पाणी आलंच नाही. रस्त्याच्या टोकाला मुख्य जलवाहिनी दुरुस्त करायला खड्डा खणला होता. बायको डबा घेऊन गेली. त्याने स्वयंपाकघरातला नळ फिरवून बघितला. हा नळ टाकीवर नव्हता, थेट बाहेरच्या पाण्यावर होता. पाणी सुटलं की तो चालायचा. नळाने एकदा खाकरल्यासारखं केलं आणि गप्प झाला. तेवढ्यात खालून कोणीतरी हाक मारली, गल्लीच्या पलीकडच्या टोकाला एकाच्या संडासाची टाकी वाहत होती. त्याने पिशवी उचलली, दाराला कुलूप लावलं आणि गेला.

नळ तसाच उघडा राहिला. इतक्या वर्षांचा प्लंबर, आणि हे असं. पण त्याच्या हाताला तिकडे एक हिशेब बसला होता: नळातून पाणी येत नाही म्हणजे नळ बंद आहे. तिकडे तो हिशेब कधी चुकला नव्हता. इथे नळ कोरडाही असतो आणि उघडाही असतो, हे पूर्वी त्याच्या रक्तात होतं. ते आता राहिलं नव्हतं.

दुपारी पाणी सुटलं. दिवसभराचा तुंबलेला जोर घेऊन सुटलं. सिंकमध्ये भांडी पुसायचं फडकं पडलेलं होतं, ते बरोबर भोकावर जाऊन बसलं. सिंक भरलं, ओटा ओला झाला, मग फरशी, आणि मग स्लॅबला जिथे फट होती तिथून पाणी खाली शिंप्याच्या दुकानात उतरू लागलं.

तो परतला तेव्हा दुकानासमोर माणसं जमली होती. शिंप्याने बाहेरचा मुख्य कॉक आधीच बंद केला होता आणि आता स्टुलावर उभा राहून छताखाली घमेलं धरलं होतं. त्याला बघितल्यावर स्टुलावरूनच विचारलं, “काय तिकडचे, तिकडे नळ उघडे टाकून कामाला जातात का?”

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. “कपडे,” एवढंच तो म्हणू शकला.

“गिऱ्हाइकांचे वाचले. मी पहिल्या थेंबालाच ओढून घेतले. एकच भिजला, तो खुंटीला होता, भिंतीला लागून.” शिंपी खाली उतरला आणि कोपऱ्याकडे बोट दाखवलं. “तुमचाच.”

खुंटीवर त्याचा कोट लटकत होता. बाहेरून चुन्याचे पांढरे ओघळ आलेले. जुनं अस्तर उसवून काढलेलं, नवं जाड लोकरी अस्तर आतून अर्धं टाचलेलं, आणि त्या अर्ध्या अस्तरातून पाणी ठिबकत होतं.

“हा इथे कसा?”

“वहिनींनी आणून दिला परवा. अस्तर चांगलं उबदार घाला म्हणाल्या, पूर्वीचं पातळ होतं, त्यांना तिथे खांद्यात थंडी भरायची. रविवारच्या आत पाहिजे म्हणाल्या.” शिंप्याने घमेल्यातलं पाणी बाहेर गटारात ओतलं. “मला वाटलं तुम्हाला माहीत असेल. कुठे निघालात की काय?”

‘रविवार’ हा शब्द त्याने घरात एकदाही उच्चारला नव्हता.

वर जाऊन त्याने पाणी काढायला सुरुवात केली. फडक्याने टिपायचं, बादलीत पिळायचं. बायको आली तेव्हा खोल्यांमधलं काढून झालं होतं, स्वयंपाकघर राहिलं होतं. खाली तिला सगळी हकीकत कळलीच असणार. तिने पिशवी खुंटीला अडकवली, साडी खोचली, दुसरं फडकं घेतलं आणि त्याच्यासमोर फरशीवर बसली. बराच वेळ दोघं नुसतं टिपत राहिले.

“तुला माहीत होतं,” तो म्हणाला.

“तुमच्या आधी. लांब्याभाऊजींकडे माझाच नंबर होता. मीच म्हटलं, मला सांगितलंत ते त्यांना कळू देऊ नका, तुम्ही स्वतः त्यांना फोन करा.”

“मग बोलली का नाहीस?”

“तुम्ही बोलाल म्हणून थांबले होते.”

तो फडकं पिळत राहिला. पाणी संपलं तरी पिळत राहिला. मग त्याने आठवडाभर टाळलेला प्रश्न विचारला. “तुला काय वाटतं? मी जावं?”

तिने ओट्याखालचं पाणी आधी पुसून घेतलं. मग ओट्याला टेकून बसली. तीच जागा, याच ओट्याला टेकून ती इतकी वर्षं फोन ऐकायची.

“तुमची ती खोली मी डोळे मिटून फिरून येईन,” ती म्हणाली. “खिडकी कुठे, मोजे कुठे, खुर्चीचा कुठला पाय कापलाय. तुम्ही रोज सांगायचात. आता तुम्ही या घरात आहात, आणि दिवसभरात तुमच्या मनात काय चाललंय ते मला जिन्यावर उभं राहून ऐकावं लागतं. तुम्ही बाकावर सगळ्यांना सांगत असता, तेव्हा.” तिने हातातलं फडकं बादलीत पिळलं. “तुम्ही जावं असं मला वाटत नाही. पण मला वाटलं, गेलात तर निदान फोन तरी कराल.”

तिचा आवाज चढला नव्हता. चष्म्याचा नंबर सांगावा तसा तिने ते सांगितलं, आणि उठून चहाचं आधण ठेवायला गेली. नळ फिरवला, बाहेरचा कॉक बंद होता, पाणी आलं नाही. तिने नळ परत फिरवून बंद केला. अगदी सहज, न बघता. तो ते बघत राहिला.

शनिवारी तो बाकावर गेला नाही. शिंप्याकडून कोट मागून आणला. शिंपी म्हणाला, ओलं अस्तर टाचता येणार नाही, वाळवून आणा. मग हळूच विचारलं की घाई आहे का. तो म्हणाला, घाई नाही. दुपारभर त्याने स्लॅबची फट सिमेंटने भरली. संध्याकाळी बायको आली तेव्हा तो तिच्याशी बोलायला म्हणून स्वयंपाकघरात जाऊन उभाही राहिला. पण समोरासमोर उभं राहिलं की बोलणं पाण्याला जोर आहे की नाही इकडेच वळायचं. दोघांना एकमेकांचे आवाज माहीत होते, एकमेकांची तोंडं तेवढी माहीत नव्हती. तिने विचारलं, काही हवंय का? तो म्हणाला, नाही, चमचा. तिने चमचा दिला. तो चमचा घेऊन तो बाहेरच्या खोलीत बसून राहिला.

रविवारी ती घरी होती. सकाळी पाणी सुटल्यावर तो कोट आणि लाल बादली घेऊन गच्चीवर गेला. ही बादली तिकडचीच. येताना सामानात आणली होती, त्यावरून विमानतळावर लांब्याने त्याची यथेच्छ टर उडवली होती. त्याने टाकीजवळच्या नळाखाली बादली लावली, धार बारीक ठेवली, आणि आधी लांब्याला फोन लावला.

तिकडे अजून उजाडायचं होतं, पण थंडीच्या दिवसांत लांब्या पहाटेच तळघरात उतरायचा. येत नाही, असं त्याने सांगितलं. लांब्याला पटेना. त्याने खोलीची आठवण दिली, गरम पाण्याची दिली, म्हातारी अजून विचारते म्हणाला. तिच्या रेडिएटरला तू स्वतः जात जा, त्याने लांब्याला बजावलं, आणि पान्हा घेऊन जा पण वापरू नकोस. पंपाचं बेअरिंग बदल हेही सांगितलं. शेवटी म्हणाला, “एक काम कर. फोन जरा बॉयलरजवळ धर.”

“वेडा आहेस का?”

“धर रे.”

लांब्याने फोन धरला. ती घरघर आली, दाट आणि एकसारखी, मधे तो बारीक ठोका. करडी भिंत आली, उंचीने टांगलेले पान्हे आले, वरच्या खिडकीबाहेर पडत असलेलं बर्फ आलं. तो गच्चीवर उन्हात डोळे मिटून उभा राहिला. आता हे परत ऐकायला मिळणार नाही, हे त्याला कळत होतं, आणि कानाला लावलेला फोन दूर करायला हात तयार नव्हता. मग लांब्याचा आवाज आला, झालं का रे, आणि त्याने हो म्हटलं.

त्यानंतर त्याने दुसरा नंबर लावला. खाली स्वयंपाकघरात फोन वाजलेला त्याला जिन्यातून ऐकू आला. दोनदा, तीनदा. मग वाजायचा थांबला.

“हॅलो,” ती म्हणाली.

“मी बोलतोय.”

तिने विचारलं, “कुठून?”

“इकडून.”

तिला हसू आलं. फोनमधून ऐकू आलं आणि त्यामागोमाग जिन्यातूनही आलं. “आजी असती तर तिला बरं वाटलं असतं,” ती म्हणाली. ओट्याला टेकली असणार.

तो सांगू लागला. लांब्याला नाही म्हणून कळवलं, हे पहिलं सांगितलं, आणि तिने श्वास सोडला तो त्याला ऐकू आला. मग फोन बॉयलरजवळ धरायला लावला तेही सांगितलं. त्या घरघरीने छातीत कसं झालं, सकाळी शटरं वर जाताना त्याला काय आठवतं, या घरात कपाटाचं दार उघडतानाही आपण परके असल्यासारखं का वाटतं, हे सगळं. इतके महिने जे बाकावर गमतीत सांगून टाकायचा त्याच्या मागचं सगळं. ती मधेमधे ‘हं’ म्हणत होती, पूर्वीसारखीच. मग तो थांबला, तेव्हा ती म्हणाली, “आणि आज तिकडे काय दिसतंय?”

त्याने इकडेतिकडे बघितलं. आजवर असं बघितलं नव्हतं. “समोरच्या गच्चीवर कोणीतरी उशा उन्हात टाकल्यात,” तो म्हणाला. “त्यांच्यावर मांजर झोपलंय. शिंप्याने रविवार असून शटर अर्धं उघडलंय. समोरचा पत्रा आहे ना, निळा, त्यावर...”

“हिरवा.”

त्याने पुन्हा बघितलं. हिरवा होता. “हिरवा,” तो म्हणाला. “कोट अजून धुवायचाय. चुना निघेल असं वाटत नाही.”

“घासू नका जोरात. मी येते वर.”

“ये. घाई नाही.”

दोघांपैकी कोणीही फोन ठेवला नाही. खाली तिने गॅस बंद केल्याचा आवाज आला. मग सवयीने, फोन ठेवण्याआधी जसं विचारायची तसंच, तिने विचारलं, “बादली भरली का?”

त्याने खाली वाकून बघितलं. पाणी काठाशी आलं होतं.

“भरत आलीय,” तो म्हणाला. “नळ चालू आहे. पण मी इथेच उभा आहे.”